डबा, देवी आणि दवाखाना : आजारी बालकाची आई व गावातील आरोग्यसेवा

महाराष्ट्रातील बालआरोग्याचा इतिहास आजवर बहुधा तीन प्रकारच्या साधनांवरून लिहिला गेला आहे : शासकीय समित्यांचे अहवाल, संस्थांची वृत्ते आणि मृत्यूंची कोष्टके. या साधनांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु त्या सर्वांत एक व्यक्ती सदैव पडद्याआड राहते, आणि ती म्हणजे आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेली आई. दवाखाना उघडला, परिचारिका नेमली, औषध आले. आई मात्र आली नाही, एवढीच तिची नोंद होते. न येण्याची कारणे म्हणून अज्ञान, अंधश्रद्धा, दारिद्र्य व अंतर ही ठरावीक क्रमाने मांडली जातात. दारिद्र्य व अंतर यांविषयी वाद संभवत नाही. पहिली दोन कारणे मात्र इतकी सोयीची आहेत की त्यांच्याविषयी थोडा संशय बाळगलेला बरा.

वस्तुतः आई कधीच स्वस्थ बसलेली नसते. मूल किरकिर करू लागले की ती गुटी उगाळते. मुरडा असेल तर मुरूडशेंगेचे चार वळसे अधिक देते. सासूला विचारते, सुईणीला बोलावते, मीठमोहऱ्या ओवाळते, वैदूकडे जाते, भगताच्या दारी बसते. ही सर्व एका अर्थी गावातील आरोग्यसेवाच होय; आणि तिचा उपयोग आई विचारपूर्वक, एका क्रमाने करीत असते. तो क्रम कशावरून ठरतो, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की तो बऱ्याच अंशी आजाराच्या नावावरून ठरतो. नाव घेतले की उपचार करणारा ठरतो, आणि तो ठरला की वाट ठरते. ज्या आरोग्यसेवांनी हे ओळखले त्यांच्याकडे आया गेल्या. ज्यांनी ओळखले नाही त्या सेवा इमारतीत बसून वाट पाहत राहिल्या. हे मत पुढे काही प्रसंगांवर तपासून पाहावयाचे आहे.

आरंभी मराठीतील रोगवाचक क्रियापदांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत मुलाला ताप येतो, गोवर येतो, देवी येतात, आकडी येते. या सर्वांत रोग हा पाहुणा आहे. तो आपल्या पावलांनी येतो आणि आपल्या वेळी जातो; यजमानाने पथ्य पाळावे, घर स्वच्छ ठेवावे, कडुनिंबाचा पाला टांगावा आणि वाट पाहावी. दुसरा गट ‘लागणे’ या क्रियापदाचा : दृष्ट लागते, हगवण लागते, धाप लागते. येथे बाहेरचे काही तरी येऊन मुलाला चिकटले आहे. आणि जे चिकटते ते काढता येते. म्हणून लागलेली दृष्ट ‘काढतात’. (भूक आणि झोपही लागतेच, तेव्हा एकट्या क्रियापदावर फार मोठी इमारत उभारू नये, हेही येथेच सांगून टाकतो.) तिसरा प्रकार मोठ्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दुखण्याचा : ते ‘अंगावर काढतात’. तोच ‘काढणे’ हा धातू, पण अर्थ नेमका उलट. येथे दुखणे बाहेर पडत नाही, सोसले जाते. स्वतःचे दुखणे अंगावर काढणारी बाई मुलाची दृष्ट काढण्यासाठी मात्र मध्यरात्री उठते, याचा विसर आरोग्यसेवेच्या इतिहासकाराला पडू नये.

आधुनिक वैद्यकातील एक सेवा या शब्दव्यवस्थेत फार लवकर शिरली, आणि ती मुलांसाठीच होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली. भारतात यशस्वी झालेले हे पहिले लसीकरण. बगदाद व बसरामार्गे एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी ती लस येथवर पोहोचली होती, आणि पुढेही ती मुलांच्या दंडांवरूनच देशभर गेली. या पद्धतीत टोचलेल्या मुलाला आठवड्याने पुन्हा आणावे लागे. त्याच्या फोडातील द्रव काढून तो पुढच्या मुलाला टोचला जाई. आपल्या मुलाच्या अंगातील द्रव परक्यासाठी काढू देण्यास आया नाखूश असत, आणि ते स्वाभाविकच होते. ‘लस’ या शब्दाचा जुना अर्थही तोच : फोडातून वा जखमेतून स्रवणारा पातळ द्रव. आज लसीकरण म्हणताना तो कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु येथे विशेष लक्ष वेधावयाचे आहे ते ‘देवी काढणे’ या प्रयोगाकडे. देवी ‘येतात’, म्हणजे त्या पाहुण्या, किंबहुना पूज्य पाहुण्या. त्यांना ‘काढणे’ हे शब्दशः पाहता उद्धटपणाचे ठरावे. तरीही मराठी घरांत हा प्रयोग रूढ झाला आणि ‘देवी काढल्या का?’ हा प्रश्न आया एकमेकींना विचारू लागल्या. यातील सोय अशी की त्यात देवीचा नकार नाही. ती येणारच आहे. मग आपणच तिला बोलावून, थोडक्यात, दंडावर दोन खुणा घेऊन मोकळे होऊ. लसीचा सिद्धान्त आणि घरातली समजूत या दोहोंना पेलणारा हा शब्द कोणा समितीने घडविलेला नव्हता. १९७५ मध्ये भारतातून या रोगाचे उच्चाटन झाले. त्यात लस, कायदा आणि संघटना यांचा वाटा मोठा आहे; परंतु दीड शतकाहून अधिक काळ एका पिढीच्या आईने पुढच्या पिढीच्या आईला जे सांगितले, त्याचे वाहन हा शब्द होता.

दवाखान्याला हे भाग्य लाभले नाही. ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘दवाखाना’ फारसी वळणाचा, ‘रुग्णालय’ संस्कृतावरून घडविलेला. तिन्ही शब्द एका जागेची नावे आहेत, आजाराशी त्यांचे नाते नाही. त्यातच १८९६–९७ च्या प्लेगच्या काळात मुंबईपुण्यात घरोघर झालेल्या झडत्यांमुळे इस्पितळ म्हणजे माणूस जेथे नेला जातो आणि परत येत नाही ती जागा, अशी धास्ती बसली. पुढे १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १६२ असल्याचे (१९३७ चा आकडा) तिने नमूद केले आणि खेड्याच्या जवळ जाणाऱ्या प्राथमिक केंद्रांची शिफारस केली. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर ही केंद्रे उघडू लागली. ‘जवळ’ याचा अर्थ मात्र मैलांत मोजला गेला. केंद्र पाच मैलांवर आल्याने ते आईच्या बोलण्यात आले असे नव्हे.

याच काळातला एक उलट दाखला नोंदविण्यासारखा आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातूनच आले. तीस वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हे नाव देशभर पसरले. घराचा उंबरठा न ओलांडता आई जेथवर येऊ शकते ती जागा म्हणजे अंगण. आरोग्य केंद्राला असे नाव कोणी दिले नाही.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा त्यांनाही प्रथम हाच अनुभव आला. प्रशिक्षित परिचारिका गावात पाठविल्या, पण त्यांचे व गावातील बायकांचे सूत जुळेना. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवावे असा विचार पुढे आला. निवडलेल्या स्त्रियांपैकी कित्येक निरक्षर होत्या, काही दलित होत्या; दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून शिकलेले सांगत. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला तेथील बालमृत्यूदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. या घटीचे श्रेय पाणी, आहार, लसी अशा अनेक गोष्टींना आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते : ती बाई आईला जे सांगत होती ते त्याच गावच्या बोलीत सांगत होती, आणि मुख्य म्हणजे आई जे सांगत होती ते तिला भाषांतराशिवाय कळत होते. आरोग्यसेवेच्या चर्चेत पहिल्या गोष्टीविषयी बरेच बोलले जाते, दुसरीविषयी क्वचितच.

हगवणीचा प्रसंग थोडक्यात आटोपता येईल, कारण तो सुपरिचित आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्याची पिंपे भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास लावले. पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते ३.६ वर आले. शिरेतून द्यावयाचे औषध आईच्या वाटीचमच्यात आले, असे याचे वर्णन करता येईल. महाराष्ट्रात या पाण्याला ‘जलसंजीवनी’ हे नाव मिळाले. संस्कृत असूनही ते चालले, कारण संजीवनी प्रत्येक कीर्तनात भेटलेली असते. अडचण वेगळीच होती. दात येण्याच्या वयात लागणाऱ्या हगवणीला ‘दातांची हगवण’ म्हणतात. हे नाव म्हणजे आजाराची समजूत आणि तिच्यावरचा निर्णय एकदमच होय : दात येणे ही वाढीची खूण, तेव्हा हगवण हा आजारच नव्हे, आणि आजार नाही तेथे औषध कशाला? संजीवनीचे पाकीट अंगणवाडीत असूनही आणले जात नाही, ते अशा वेळी. जे नाव आजाराला आजारपणातूनच वगळते त्याच्याशी झगडणे दैवी कोपाच्या कल्पनेशी झगडण्यापेक्षा कठीण असते.

आता गडचिरोलीकडे वळू. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मराठीच्या झाडी बोलीबरोबर गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू व बंगाली याही भाषा नांदतात. १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि दोनच वर्षांनी मुलांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर उपचार करण्याचा प्रयोग आरंभिला. ५८ गावांत लोकशिक्षण व उपचार दोन्ही होते. ४४ गावे तुलनेसाठी होती. उपचार करणारे होते निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्य कार्यकर्ते आणि सुईणी. १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ८.१. या कार्यकर्त्यांनी हाताळलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते; तुलनेच्या भागात ते १३.५ होते.

रोग बरा केला तो प्रतिजैविकाने, यात वाद नाही. परंतु औषध सुईणीच्या पिशवीत आणि मूल घरात असताना ६१२ वेळा त्या दोहोंची गाठ कशी पडली? त्याचे उत्तर लोकशिक्षणात आहे, आणि लोकशिक्षणाचा पाया गावातल्या शब्दांत होता. ‘न्यूमोनिया’ हे कोणत्याही आईच्या भाषेत नाव नव्हते. तिच्या भाषेत होता ‘डबा’ : मुलाला धाप लागते, पोट उडू लागते, बरगड्यांखाली खळगा पडतो, पोट फुगते. आयुर्वेदीय लेखक याचा संबंध ‘उत्फुल्लिका’ या बालरोगाशी जोडतात. त्या संस्कृत नावातही फुगण्याचीच कल्पना आहे. डबा हा आईला भिववणारा शब्द आहे. त्यात मूल जाते, हे तिला ठाऊक असते. तेव्हा तिला रोगाचे गांभीर्य शिकवावयाचे नव्हतेच. शिकवावयाचे होते ते इतकेच की या नावाची वाट आता एका नव्या दाराशीही जाते. जुनी वाट पोटाकडे जात असे, कारण नाव पोटाकडे बोट दाखविते. पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची मेळघाटातील ‘डंबा’ ही प्रथा याच तर्काची अखेरची, क्रूर पायरी होय. तिला केवळ निर्दयपणा समजणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की चटका देणारी व देववून घेणारी दोघीही मूल वाचावे म्हणूनच ते करीत असतात.

प्रस्तुत लेखकाची काही काळ अशी समजूत होती की लोकांचा शब्द स्वीकारला की काम भागले. ती उथळ होती. डबा या एका नावाखाली न्यूमोनियाही येतो आणि साधी पोटफुगीही येते. प्रत्येक डब्याला प्रतिजैविक दिले तर औषध वाया जाईल, आणि हानीही होईल. नावाने दार उघडते, पण आत कोणाला घ्यावयाचे हे ठरविण्यास दुसरे साधन लागते. न्यूमोनियात ते साधन म्हणजे मिनिटातील श्वासांची संख्या. पण पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने श्वास कसे मोजावेत? बंग यांनी यासाठी एक श्वासमापक घडविला. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. मोठी संख्या या साधनातून पूर्णपणे हद्दपार झाली आहे, आणि तरी मोजणी अचूक आहे. सुईण दहापर्यंत मोजते, रंग ओळखते आणि निर्णय देते. आईसमोर बसून मणी सरकविले जात असल्याने निर्णयाचा आधार आईलाही दिसतो. भगताच्या सुपातील दाणे तिने पाहिलेले असतात. त्यांच्याजवळ हे मणी तिला परके वाटले नसावेत, असा माझा तर्क आहे. तर्कापलीकडे त्याला किंमत देऊ नये.

येथवर आपण नामांची गोष्ट केली. नवजात बालकाच्या बाबतीत मात्र नामच सापडत नाही, आणि म्हणून पुढचा प्रयोग अधिक विचारात टाकणारा आहे.

सर्चने १९९३ पासून नवजात बालकांचा अभ्यास हाती घेतला. त्या वेळी त्या भागातील बहुतेक सर्व बाळंतपणे घरी होत. १९९५–९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज भासावी अशी लक्षणे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दिसली. डॉक्टरने पाहिलेली किंवा उपचार केलेली बाळे होती २.६ टक्के, रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की पूर्वीच्या अहवालातील ‘आई आली नाही’ या वाक्याचा आवाका कळतो.

का आली नाही? बाळंतिणीचा विटाळ, सव्वा महिन्याची मर्यादा, बाहेरची हवा, बाहेरची नजर, ही कारणे खरीच आहेत. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते; जे त्या महिन्यात घडते ते त्या लेखातच असते. शिवाय पाच दिवसांच्या बाळाला घेऊन बाहेर पडण्याचा निर्णय बाळंतिणीच्या हातचा नसतो. तो सासूचा, नवऱ्याचा, कधी सुईणीचा. परंतु याहून खोल असे एक कारण भाषेत आहे. मोठे मूल आजारी पडले की काही तरी ‘येते’ किंवा ‘लागते’. आजाराला नाम असते आणि ते वाक्याचा कर्ता होते : मुलाला गोवर आला, मुलाला धाप लागली. नवजात बाळाच्या जंतुदोषात असे काहीही येत नाही. ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते. आई सांगते ते असे : बाळ पीत नाही. बाळ रडत नाही. बाळ हातपाय हलवीत नाही. येथे कर्ता बाळ आहे, रोग कोठेच नाही, आणि क्रियापदे सर्व नकारार्थी आहेत. ज्याला नाम नाही त्याचा वैद्य ठरत नाही, वाट ठरत नाही. असे बाळ ‘निपचित पडले’, मग ‘गेले’. मध्ये आजाराचा टप्पा भाषेने नोंदविलेलाच नसतो.

सर्चने या ठिकाणी आईला नवे नाम शिकविण्याचा आग्रह धरला नाही. त्यांनी तिची नकारार्थी क्रियापदेच निदानासाठी स्वीकारली. जंतुदोष ओळखण्यासाठी पुढे जे सात निकष त्यांनी निश्चित केले ते पाहावेत : पिणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे मंद होणे किंवा थांबणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग हाताला गार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, बेंबीत जंतुदोष असणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली तर उपचार करावा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या निकषांनी जंतुदोषाने दगावलेल्या सर्व बाळांना आधी ओळखता आले असते असे दिसले, आणि तेही मृत्यूपूर्वी सरासरी पाच दिवसांहून अधिक काळ. ज्यांना असा धोका नव्हता त्यांपैकी ९२ टक्के बाळे या निकषांनी बरोबर वगळली गेली.

या यादीतील पहिल्या तीन निकषांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पुन्हा पाहू. ‘कमी होणे’, ‘मंद होणे’, ‘लुळे पडणे’ ही सर्व स्थित्यंतरे आहेत. ती सांगण्यास ‘आधी’ आणि ‘आता’ अशा दोन वेळा पाहणारा साक्षीदार लागतो. डॉक्टरकडे फक्त ‘आता’ असतो. तपासणीच्या क्षणी बाळ मंद रडत असेल तर ते मुळातच मंद रडणारे आहे की कालपर्यंत खणखणीत रडत होते, हे त्याच्या उपकरणांना कळत नाही. ते फक्त आईला ठाऊक असते. म्हणजे ज्या ज्ञानावाचून निदान होऊच शकत नाही ते ज्ञान या घरातल्या, सव्वा महिना कोंडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रीपाशी होते. आणि आरोग्यव्यवस्था तिला अज्ञानी म्हणत होती. या एका उलटापालटीमुळे मला हा प्रयोग वैद्यकाइतकाच विद्येच्या इतिहासातही महत्त्वाचा वाटतो.

उपचाराची व्यवस्था त्यानुसार उभी राहिली. आई येणार नाही, तर ‘आरोग्यदूत’ स्त्री घरी जाईल. पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जाईल, वजन करील, ताप पाहील, आईला विचारील, आणि गरज पडल्यास घरच्यांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देईल. गावातल्या अल्पशिक्षित बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचावी यावर वैद्यक क्षेत्रात आक्षेप येणे अपरिहार्य होते, आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असेही म्हणता येणार नाही. निकाल मात्र बोलके होते. १९९९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर हजारी २५.५ आणि तुलनेच्या ४७ गावांत ५९.६ असा होता. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना ही सेवा मिळाली. २.६ आणि ९३ हे आकडे एका मापाचे नाहीत. एकात आईने जावयाचे होते, दुसऱ्यात सेवेने यावयाचे होते. परंतु ज्या घरांनी बाळ बाहेर काढण्यास नकार दिला, त्याच घरांनी इंजेक्शन आत येऊ दिले, ही गोष्ट अंधश्रद्धेच्या सिद्धान्तात सहजी बसत नाही.

पुढील इतिहास राष्ट्रीय आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात ‘आशा’ ही गावपातळीवरील कार्यकर्ती आली. हे नाव एका लांब इंग्रजी पदनामाची आद्याक्षरे जुळवून केलेले. तरी मराठीत ते मुलीचे नाव असल्याने गावाने त्याला लगेच ‘आशाताई’ करून टाकले. २०११ मध्ये नवजात बालकांच्या घरभेटींची योजना केंद्र सरकारने आशांकडे सोपविली : रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची एक अधिक. गडचिरोलीच्या प्रयोगाचा हा विस्तार होय, पण तो तंतोतंत नव्हे. मूळ प्रयोगात भेट हा संवाद होता. मोठ्या योजनेत भेट ही नोंद होण्याचा धोका असतो. भेटी पूर्ण झाल्या म्हणजे मानधन मिळते, आणि भेट पूर्ण झाल्याचा पुरावा तक्ता असतो. तक्त्यात ‘जंतुसंसर्ग’, ‘निर्जलीकरण’, ‘श्वसनदर’ अशी नामे परत आलेली आढळतात. आशाताई ती वाचते, मनात आपल्या बोलीत उतरविते, आईला विचारते, उत्तर पुन्हा तक्त्याच्या मराठीत चढविते. आई गोंडी किंवा माडिया बोलणारी असेल तर ही चढउतार दुप्पट होते. या जाण्यायेण्यात प्रथम काय गळते? माझ्या समजुतीने ‘आधी’ आणि ‘आता’ यांतील फरक गळतो, कारण तक्त्यातील चौकटीत ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच मावते.

दुसरा बदल प्रसूतीच्या जागेचा. २००५ नंतर रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि ते इष्टच आहे. मात्र त्यामुळे बाळाचे पहिले दोन दिवस घरातून प्रसूतिकक्षात गेले. घरभेटींची मालिका तिसऱ्या दिवशी सुरू होते. तत्पूर्वीचे बाळाचे रडणे आशाताईने ऐकलेले नसते. कक्षातील परिचारिका पाळीपाळीने बदलतात, डॉक्टर सकाळच्या फेरीत येऊन जातात. त्या दोन दिवसांत बाळ कसे प्याले आणि कसे रडले हे सलग ऐकणारी एकटी आई त्या खाटेवर असते, आणि घरी सोडताना तिच्या हाती जो कागद देतात त्यावर बाळाचे वजन, जन्मवेळ आणि टोचलेल्या लसी लिहिलेल्या असतात.